भैरोबाच्या घोड्याचे पाय

"पण बुवा, लोक थांबत का नाहीत?"

तुळाजीनं हे तिसऱ्यांदा विचारलं. भानगिरी बुवा मठाच्या पायरीवर बसून चिंचोके फोडत होते, पुढल्या सालच्या रंगात घालायच्या खळीसाठी. ते फोडतच राहिले.

"जत्रा होऊन आठवडा झाला. मी रोज भिंतीसमोर बसतो. माणसं येतात, नारळ फोडतात, घोड्याकडं बघतात आणि सरळ घराकडं जातात. एकसुद्धा टेकत नाही."

"हं…"

आता हा तुळाजी म्हणजे अकरा वर्षं बुवांच्या हाताखाली शिकलेला चेला. हात सोन्याचा, पण डोकं जरा चढलेलं. देवळाच्या आवारातली लांब भिंत दर साली जत्रेआधी बुवा रंगवायचे, तिच्यावर भैरोबाचा घोडा काढायचे आणि सगळा गाव हाताशी असायचा. बाया पांढऱ्या मातीचा पोतेरा द्यायच्या. काळ्या रंगाला घराघरातून दिव्याची काजळी मठात यायची. चार दिवस भिंतीपाशी नुसता कालवा. मग वर्षभर येता-जाता लोक भैरोबाच्या घोड्याच्या पायाला बोट लावायचे आणि तो रंग कपाळाला टेकवायचे. होता होता पाय झिजायचे. पुढची जत्रा येईतो घोडा पार लंगडा!

तुळाजीला ते बघवत नसे. यंदा त्यानं पंचांना सांगितलं, "भिंत माझ्याकडं द्या. बुवा थकलेत." मातीच्या भिंतीला सिमेंटचा गिलावा केला, तालुक्याहून ऑइलपेंटचे डबे आणले. कुणाची लुडबुड नको म्हणून भोवती बांबूचे तट्टे बांधले आणि महिनाभर एकटा खपला. खोटं कशाला बोला, घोडा असा उतरला की आता खिंकाळेल!

पण जत्रेपासून त्याला जेवण जाईना. कुणी नावं ठेवली असती तर भांडता तरी आलं असतं. लोक म्हणायचे, "झकास झालंय," आणि चालू लागायचे. एवढ्या मोठ्या भिंतीपुढं आपण एकटेच, हे त्याला सोसवत नव्हतं.

"एकदा येऊन बघा तरी, बुवा. कुठं चुकलं ते सांगा."

बुवा उठले.

आवारात चिटपाखरू नव्हतं. बुवांची नजर अधू झालेली. भिंतीला नाक लावून ते या टोकापासून त्या टोकापर्यंत गेले.

"हात बसलाय तुझा," ते म्हणाले. "माझ्याहून चांगला."

अकरा वर्षांत बुवा असं कधी बोलले नव्हते.

तेवढ्यात म्हातारी ठकूबाई आली. देवाला हात जोडले, सवयीनं घोड्याच्या पायाला बोट लावलं, कपाळाकडं नेलं… आणि मध्येच थांबून बोटाकडं बघितलं. बोट कोरडं. ते तिनं उगाच पदराला पुसलं आणि ती निघून गेली.

"बघितलंत? अश्शीच जातात सगळी!"

बुवांनी देवापुढच्या लोट्यातल्या पाण्यानं तळहात ओला केला आणि घोड्याच्या पायावर घासला.

"घासा, हवं तेवढं घासा!" तुळाजीला राहवलं नाही. "पन्नास वर्षं हलायचा नाही."

बुवांनी तळहात त्याच्यापुढं धरला.

लख्ख.

दर साली जत्रेनंतर बुवांचे हात महिनाभर रंगलेले असायचे. नखातली काजळी तर दिवाळीपर्यंत जायची नाही. यंदा पोतेऱ्याच्या दिवसांत मठाकडं कुणी फिरकलंच नव्हतं, हे तुळाजीच्या आत्ता ध्यानात आलं. कुणीच नाही. तो स्वतःसुद्धा नाही.

"बुवा… चुकलो का मी?"

"छे रे. पक्कं काम केलंस."

बुवांनी तो हात त्याच्या खांद्यावर ठेवला.

"फक्त एवढं सांग, गड्या… पुढल्या साली मला आणि गावाला भिंतीपाशी कशाला बोलावशील?"