न वाळणारा घाम

माणसाकडे पाहून प्राण्यांना हसू येत असे, इतक्या जुन्या काळातली ही गोष्ट.

भर दुपारी माळावर एक काळवीट पाठलाग करणाऱ्या एका शिकाऱ्याला सहज मागे टाकत होता. पण धापा टाकत तो बोरीच्या सावलीत थांबे आणि अंग निवण्याआधीच शिकारी पुन्हा दिसू लागे.

“काय हे ध्यान! वेग नाही, लव नाही, वर सगळ्या अंगाने गळतंय,” काळवीट सावलीत बसलेल्या टिटवीला म्हणाला.

“हसतोस काय, बाबा? त्याच्या कातडीला लाखो बारीक छिद्रं आहेत. त्यांतून घाम येतो, वाऱ्यावर वाळतो आणि वाळताना अंगातली उष्णता घेऊन जातो. तो धावता धावता निवतो; तुला थांबावं लागतं. असाच थांबत राहिलास तर तुझी शिंगं त्याच्या झोपडीवर लागतील!”

काळविटाचे हसू मावळले. पायांत गोळे येऊ लागले होते.

“आणि घाम वाळलाच नाही तर?”

“तसं मी अजून पाहिलेलं नाही,” टिटवी म्हणाली.

उरलेसुरले बळ एकवटून काळवीट नदीकाठच्या उंच, दाट गवतात शिरला आणि पोटापर्यंत पाण्यात उभा राहिला. तिथली हवा दमट होती, झुळूक म्हणून नव्हती. मागोमाग आलेल्या शिकाऱ्याच्या अंगावरून घामाच्या धारा वाहू लागल्या. एकही थेंब वाळेना. त्याच्या डोळ्यांपुढे अंधारी आली. भाल्याचा आधार घेत तो वारा शोधायला माळाकडे परतला.

काळवीट मात्र माळाच्या दिशेने कान टवकारून जागचा हलला नाही. टिटवी उडत काठावर येऊन बसली.

“टिटवीताई,” त्याने हळूच विचारले, “इथे वारा कधी सुटतो गं?”