पाण्याची टाकी आणि प्रबंध

एकदा एका नदीकाठच्या विद्यापीठात एक शिष्य जलशास्त्र शिकत होता. तेथील वृद्ध आचार्यांनी असा नियम घातला होता की, शिकलेले ज्ञान घेऊन प्रत्येक शिष्याने काही काळ एखाद्या वस्तीत राहावे, लोकांची सेवा करावी आणि त्या अनुभवावर प्रबंध लिहावा. त्याशिवाय कोणाचेही शिक्षण पूर्ण मानले जात नसे.

हा शिष्य बुद्धीने तल्लख होता. त्याला डोंगरापायथ्याची एक वस्ती मिळाली. तिथे ओढ्याचे गढूळ पाणी पिऊन दरवर्षी माणसे आजारी पडत. ज्यांना शक्य होते ते पाणी उकळून पीत. पण सरपण आणायला लांब जावे लागे. शिष्याने विटांची एक टाकी बांधली. तिच्यात खडी, कोळसा आणि वाळूचे थर घातले. वरून ओतलेले गढूळ पाणी खालच्या तोटीतून नितळ होऊन येऊ लागले. लोकांनी त्याला डोक्यावर घेतले. पाणी उकळण्याचे कष्ट वाचले.

वरची वाळू अधूनमधून काढून धुवावी लागे. ते काम शिष्य स्वतःच करी. सगुणा नावाच्या एका बाईने, वाळू कशी धुतात ते आम्हांलाही दाखवा, असे त्याला म्हटले होते. पण शिकवत बसण्यापेक्षा स्वतः करणे त्याला सोपे वाटे. शिवाय थर विस्कटतील अशी त्याला धास्ती होती. म्हणून टाकीला कोणीही हात लावू नये, असे त्याने वस्तीला बजावले. मुदत संपल्यावर, पावसाळ्यात येऊन वाळू धुऊन देईन, असे सांगून तो परतला.

मग तो प्रबंध लिहिण्यात गढून गेला. पावसाळा आला आणि गेला. वस्तीला दिलेला शब्द त्याला एक-दोनदा आठवला. पण लेखन ऐन रंगात आले होते. प्रबंध उत्तम ठरला. परीक्षकांनी तो वाखाणला, आणि विद्यापीठाने त्याचा गौरव करण्याचे ठरवले.

समारंभाच्या आदल्या दिवशी एका वाटसरूकडून आचार्यांना बातमी कळली. वस्तीत साथ आली होती. टाकीतल्या वाळूत घाण साचून कुजली होती आणि तेच पाणी लोक न उकळता पीत राहिले होते. काही म्हातारी माणसे दगावली, काही मुले दगावली. आचार्यांनी तातडीने औषधे देऊन वैद्य धाडला आणि टाकीची तोटी बंद करायला सांगितली. दुसऱ्या दिवशी समारंभाला न जाता ते शिष्याला घेऊन वस्तीकडे निघाले. काय घडले ते त्यांनी त्याला वाटेत सांगितले.

वस्तीत शिरताच शिष्य टाकीकडे धावला आणि झाकण उचलू लागला. आचार्यांनी त्याचा हात धरला. टाकीला हात लावायचा नाही, क्षमा मागायची नाही, ज्या घरांतली माणसे गेली त्या घरांत जाऊन नुसते बसायचे, असे त्यांनी सांगितले. शिष्याला याचा अर्थ कळेना. वाळू धुणे हे घटकाभराचे काम होते, आणि आपल्याला तेवढेही का करू देत नाहीत, हा विचार त्याला छळत होता. तरी तो गेला. एका घराने त्याला दारातूनच परत पाठवले. दुसऱ्या घरात कोणी त्याच्याकडे पाहिले नाही.

शेवटी तो सगुणाच्या घरी गेला. तिची धाकटी मुलगी गेली होती. तिने त्याला बसायला घोंगडी दिली. मग ती शांतपणे बोलली.

"दादा, पाण्याला वास यायला लागला होता. पण तुम्ही सांगून गेला होता, हात लावू नका म्हणून. आम्ही नाही लावला. तुमची वाट बघितली."

शिष्य बाहेर आला आणि अंगणाच्या कडेला खाली बसला. आचार्य त्याच्याशेजारी टेकले.

"आल्याआल्या तू वाळू धुतली असतीस, तर तुझे मन हलके झाले असते," ते म्हणाले, "आणि ही माणसे पुन्हा तुझ्याच वाटेकडे डोळे लावून बसली असती. तू त्यांना पाणी दिलेस, पण पाण्यावरचा त्यांचा हात काढून घेतलास. पूर्वी ती स्वतःच्या पाण्याकडे स्वतः पाहत होती. दोष माझाही आहे. मी तुझा प्रबंध परीक्षकांपुढे ठेवला, या वस्तीपुढे ठेवला नाही."

आता मी काय करू, असे शिष्याने विचारले. ते मला विचारू नकोस, एवढेच आचार्य म्हणाले आणि एकटेच परत गेले.

शिष्य राहिला. प्रथम त्याने रोग्यांची शुश्रूषा केली, सरपण वाहिले. टाकीचे नाव त्याने काढले नाही. पुढे वस्तीच्या बायकांनीच ती उघडली. काळी पडलेली वाळू त्यांनी आपल्या हातांनी उपसली. त्यांनी विचारले तेवढे त्याने सांगितले. दोनदा त्यांचे थर चुकले, तेव्हा त्या पुन्हा विचारेपर्यंत तो थांबला. हळूहळू तोटीतून नितळ पाणी येऊ लागले.

सगुणा वाळू धुवायला सर्वांच्या आधी येई, कारण दुसऱ्यांची मुले ते पाणी पीत होती. स्वतःच्या घरी मात्र ती ओढ्याचेच पाणी नेई आणि उकळून पिई. टाकीच्या पाण्याचा एक घोटही तिने पुन्हा कधी घेतला नाही. शिष्याने तिला कधी आग्रह केला नाही.

आपली सेवा पूर्ण झाली की नाही, हे सेवा करणाऱ्याने ठरवायचे नसते.