पोटातल्या पैलवानाचा खुराक

कडेगढीच्या सरदारांना कुस्तीचं वेड. त्यांनी हुकूम काढला, "गावातलं सगळं दूध तालमीला. मजबूत हाडं पैलवानांनाच लागतात."

गरोदर बायकांनाही घोटभर दूध मिळेना. तेव्हा दिवस भरत आलेली गोजरा लोटा घेऊन थेट तालमीत दुधासाठी लागलेल्या पैलवानांच्या रांगेत उभी राहिली.

तिथे बसलेले सरदार हसले. "तू कुस्ती खेळणार होय गं?"

"मी कशाला, सरकार? पोटातला खेळेल. त्याची हाडं आत्ताच घडताहेत. मला दूध मिळालं नाही, तर तो माझ्या हाडांतलं सत्त्व ओढून घेईल. शिवाय तुमचा एकही पैलवान तालमीत जन्मलेला नाही."

रांगेतले पैलवान खाली बघू लागले. सरदार दूध वाटणाऱ्या वस्तादांना म्हणाले, "हिचा लोटा आधी भरा. उद्यापासून गरोदर बायकांची रांग पैलवानांच्या पुढे."