रान तुमचं, मेंढरं कुणाची?

त्या दिवशी आभाळ सकाळपासून कुंद होतं, ना पाऊस ना ऊन. धुतलेली लोकर काही वाळेना. आमच्या सणगर गल्लीत घोंगडीचा माझा एकच माग उरला होता. सून सुगंधा माझे विणतानाचे व्हिडिओ मोबाईलच्या एका ॲपवर टाकायची. लाखभर माणसं बघायची, आणि मधेमधे ॲपची कंपनी दुसऱ्यांच्या जाहिराती दाखवायची. तो पैसा सगळा कंपनीचा. आता तर आमचे व्हिडिओ त्याच माणसांना दिसावेत म्हणून कंपनी आमच्याकडंच पैसे मागू लागली. ते भरायचे तर माग विकावा लागणार होता.

तालुक्याला कंपनीनं व्हिडिओ टाकणाऱ्यांची सभा भरवली, तिला मोठे साहेब आले. मी हळूच उठलो आणि जाहिरातीतला वाटा मागितला.

साहेब हसले. "आजोबा, जागा आमची. फुकट वापरता, वर वाटा मागता?"

मी म्हटलं, "जागा तुमचीच, साहेब. रानही शेतकऱ्याचंच असतं. पण धनगरानं त्यात मेंढरं बसवली, तर शेतकरी त्याच्याकडं भाडं मागत नाही, उलट धान्य देतो. लेंड्या पडल्या तरच रान पिकतं, हे त्याला कळतं. तुमच्या रानात ही लाख माणसं आम्ही आणून बसवलीत."

सभेत हशा झाला. साहेब हसले नाहीत. त्यांनी जाहिरातीतला चौथा वाटा कबूल केला, लिहूनही दिला.

घरी परतलो तेव्हा शेजारचा म्हादबा दारात बसला होता. त्यानं गेल्या साली आपला माग जळणाला फोडला होता. सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाला, "तात्या, एवढं तू सालभर आधी बोलायचं होतंस रे."