गुंजूची मातकट चिंधी

माझं शिक्षण थोडं. ऱ्हस्व-दीर्घ चुकेल, शब्दही साधेच आहेत. माफ करा, आणि गोष्ट मोठ्याने वाचा.

एक होता उंदीर. एवढासा! नाव गुंजू.
गुंजू निघाला डोंगरापलीकडे, मावशीकडे. टुणुक टुणुक!
ओझं नको, म्हणून घेतली एकच चिंधी. मातीच्या रंगाची.
बांधली की गाठोडं. पांघरली की गोधडी. ताणली की तंबू. आणि खाली दडलं की घारीला दिसतच नाही!

वारा आला. फुर्रर्र! चिंधी उडाली. करवंदीच्या जाळीत अडकली. टर्रर्र!
गुंजूने वर पाहिलं. घार! घिर घिर घिर.

“जाळीबाई, जाळीबाई, चिंधी सोड ना!”
“कशी सोडू? अंग वाळून ताठ झालंय. झरा पाणी देईल, तर सोडीन.”

टुणुक टुणुक. गुंजू झऱ्याकडे.
“झरेदादा, झरेदादा, पाणी दे ना!
जाळी चिंधी सोडीना.
वर घार, घिर घिर घिर!”
“कसं देऊ? तोंडात दगड बसलाय. खेकडा दगड हलवेल, तर देईन.”

घार थोडी खाली आली.

टुणुक टुणुक. गुंजू खेकड्याकडे.
“खेकडेकाका, खेकडेकाका, दगड हलवा ना!
झरा पाणी देईना.
जाळी चिंधी सोडीना.
वर घार, घिर घिर घिर!”
“मी नाही बाहेर येत, जा! कालच कात टाकली. पाठ लोण्यासारखी मऊ आहे. बगळा टोचेल. बेडूक पहारा देईल, तर हलवीन.”

घारीची सावली गुंजूच्या शेपटीवरून गेली. बाई गं!

टुणुक टुणुक. गुंजू बेडकाकडे.
“बेडूकभाऊ, बेडूकभाऊ, पहारा दे ना!
खेकडा दगड हलवेना.
झरा पाणी देईना.
जाळी चिंधी सोडीना.
वर घार, घिर घिर घिर!”
बेडूक डोळ्यांपर्यंत चिखलात बुडाला.
“उघड्यावर? एकटा? नको रे बाबा! मला भीती वाटते.”
“तुला पण?”
“खूप! कुणी जवळ बसेल, तर देईन.”

गुंजूने वर घारीकडे पाहिलं. तिथे ना झुडूप, ना बीळ. तरी तो बेडकाला चिकटून बसला.
“तू बगळा बघ. मी घार बघतो.”

मग बेडकाने पहारा दिला.
खेकड्याने दगड हलवला. हुश्श!
झऱ्याने पाणी दिलं. झुळझुळ झुळझुळ!
जाळीने अंग सैल केलं, चिंधी सोडली.
गुंजूने ती दातात धरली. ओढत ओढत बेडूक-खेकड्याजवळ आणली.

आणि घार सुटली. सूंऽऽऽ!

“चिंधीखाली! चला!”
गुंजू आत. बेडूक आत. खेकडा आत.
“काका, नांगी आवरा!”
“श्शू!”
सावली आली. चिंधीवर थांबली.
कुणी हललं नाही. कुणी श्वास घेतला नाही.
सावली गेली.

रात्र चिंधीखालीच गेली. सकाळी गुंजूने चिंधी पाहिली. मधोमध भोक! जाळीने फाडलेलं.
गुंजूने भोकातून डोकं घातलं. झाला की सदरा!
“आता ओढ बघू, वाऱ्या!”
आणि गुंजू निघाला मावशीकडे. टुणुक टुणुक, टुणुक टुणुक.