हैबतीने आईचा ताप शिवेपार नेला

खैरवाडी गावात हैबती नावाचा एक भोळा माणूस होता. भोळा म्हणजे किती, तर कोणी त्याला "जरा बस" म्हटलं की तो जरासाच बसायचा. अर्धा टेकलेला, अर्धा वर.

घरात तो आणि त्याची आई कोंडाबाई, दोघंच. आई सांगायची आणि हैबती करायचा. म्हणून आईला ताप आला तेव्हा हैबतीचं सगळंच अडलं. आधी आंघोळ करू की आधी जेवू, हे विचारायलासुद्धा माणूस उरलं नाही. काही करून आईचा ताप घालवायचा, एवढं त्याने मनाशी धरलं आणि तो दोन कोसांवरच्या वडाळीला, परचुरे डॉक्टरांकडे गेला.

डॉक्टर औषध चांगलं द्यायचे, पण त्यांना शब्दांचा फार नाद. हैबतीने आईचं सांगितलं, तसं त्यांनी कागदावर लिहिलं, 'फेब्रिस'.

"हे काय, डॉक्टरसाहेब?"

"ताप. लॅटिन नाव आहे त्याचं."

"मग आमच्या खैरवाडीत कसं पोचलं?"

डॉक्टरांनी लेखणी खाली ठेवली. बारा वर्षांत त्यांना हे कोणी विचारलं नव्हतं.

"ऐक. प्राचीन रोममध्ये हा शब्द होता फेब्रिस. त्याच मुलखात पुढं त्याचं फेब्रे झालं. स्पेनमध्ये फिएब्रे, फ्रान्समध्ये फिएव्र. जर्मनांनी फीबर केलं, इंग्रजांनी फीवर. तुमच्याकडं साथीत मरीआईचा गाडा काढतात ना? एक गाव तो शिवेपर्यंत आणतं. पुढचं गाव लुगडं नेसवतं, ओटी भरतं आणि त्याच्या पुढच्या गावाला पोचवतं. हा शब्द तसाच गेला. तोंडातोंडी पसरला."

"तोंडातोंडी," हैबती म्हणाला आणि त्याने पटकन तोंडावर हात ठेवला.

डॉक्टरांनी गोळ्यांची पुडी दिली. हैबती निघाला तो तोंडाला उपरणं गुंडाळूनच.

वेशीत शेजारच्या सगुणाकाकू भेटल्या.

"आईचं कसं आहे रे?"

हैबतीने मान हलवली.

"काय म्हणाले डॉक्टर?"

हैबतीने दोन्ही हात जोडले. सगुणाकाकू मटकन खाली बसल्या.

आडवाटेने हैबती घरी पोचेपर्यंत दारात अर्धं गाव जमलं होतं. बायका गळ्यात गळे घालून रडत होत्या. चौघं जण बांबू तोडत होते. एकाने मडकंही आणलं होतं. गलका ऐकून कोंडाबाई गोधडी पांघरून बाहेर आली.

"कोण गेलं गं?"

"तुम्हीच की," सगुणाकाकू डोळे पुसत म्हणाल्या.

"मला कोणी सांगितलं नाही ते," कोंडाबाई म्हणाली.

त्या गर्दीत गोळ्या पायदळी गेल्या. हैबतीने उपरणं सोडलं. "आई, ताप तोंडातोंडी पसरतो. मी पसरू दिला नाही."

"मेल्या, असा फटकून राहू नये," आई म्हणाली. "जिथं जाशील तिथल्यासारखं व्हावं. देश तसा वेश."

हैबतीने ते पाठ केलं.

दुसऱ्या दिवशी डॉक्टरांनी बाटलीभर औषध दिलं. पांढरं आणि कडू. वडाळी आणि खैरवाडीच्या मध्ये तीन वस्त्या होत्या. पहिल्या वस्तीत गुऱ्हाळ लागलं होतं. तिथली हवासुद्धा गोड. आणि आपलं औषध एकटंच कडू, हे हैबतीला बरं वाटलं नाही. त्याने बाटलीत काकवी घातली. दुसऱ्या वस्तीत तेलाचा घाणा होता. तिथे त्याने तेल घातलं. तिसऱ्या वस्तीत बायका मिरच्या कांडत होत्या.

"बाई, एक मूठ द्या. औषधाला वेगळं वेगळं वाटतंय."

बाईंनी दिली. औषधाचं काय करायचं ते औषधवाल्याला कळत असेल.

आईने एक घोट घेतला आणि अकरा वेळा शिंकली. दुसरा घोट घेतला आणि म्हणाली, "भाकरी आण."

हैबतीने भाकरी आणली. आईने चुरून खाल्ली, बोटं चाटली, बाटली पुसून घेतली.

"आमटी झकास झाली. आता औषध दे."

हैबतीने घडलेलं सांगितलं. आईने कपाळावर हात मारला. कपाळ अजून तापलेलंच होतं.

"अरे, जे जसं असेल ते तसंच न्यावं. त्यातलं काही काढू नये, त्यात काही घालू नये. समजलं?"

"काढू नये, घालू नये," हैबती म्हणाला.

तिसऱ्या दिवशी डॉक्टर म्हणाले, "औषध राहू दे. तू आईलाच इथं घेऊन ये. बैलगाडीत घालून."

हैबती घरी आला. आई अंगणात बाजेवर बसली होती. डोकं दुखत होतं म्हणून कपाळभर हळदीचा लेप. माश्या येऊ नयेत म्हणून बाजेला चारी बाजूंनी कडुलिंबाचा पाला. केस मोकळे, कारण सगुणाकाकू मागे बसून तेल लावत होत्या. हैबतीने चार माणसं बोलावली आणि बाज जशी होती तशी गाडीवर चढवली.

"अरे, मला उतरव," काकू म्हणाल्या.

"काही काढू नये, काकू."

काकूंनी वेशीपाशी उडी मारली. तेलाची वाटी आईच्या मांडीवर राहिली.

मिरच्यांच्या वस्तीत लोकांनी गाडी येताना पाहिली. मोकळे केस, पिवळं कपाळ, सगळीकडे लिंबाचा पाला. कोणीतरी ढोल आणला. तिथल्या म्हाताऱ्या पाटलाने गाडीसमोर हात जोडले.

"आईला ताप आहे," हैबतीने सांगितलं.

"आईच ताप आहे, बाबा," पाटील म्हणाला. "आमच्याकडं थांबवू नको. पुढं ने."

त्यांनी कोंडाबाईला हिरवं लुगडं नेसवलं आणि ओटी भरली. कोंडाबाई काही बोलणार होती, पण तेवढ्यात पुरणपोळी आली. तिने आधी पुरणपोळी खाल्ली.

घाण्याच्या वस्तीने लाल लुगडं दिलं आणि तिला जरीमरी म्हटलं. गुऱ्हाळाच्या वस्तीने पिवळं दिलं आणि तिला नुसतंच बाई म्हटलं. प्रत्येक ठिकाणी तेच. नमस्कार, ओटी, पुरणपोळी आणि पुढं ने. आपल्या आईची लोकांना किती काळजी, म्हणून हैबतीचे डोळे भरून आले.

वडाळीतही लुगडं आणि पुरणपोळी झाली, आणि तिथे तर ताशेवालेही आले. डॉक्टर दवाखान्यातून धावत निघाले. चालत्या गाडीबरोबर पळत त्यांनी कशीबशी नाडी धरली.

"उतरला," ते ओरडले. "हैबती, ताप उतरला. घरी ने."

ताशांत हैबतीला काही ऐकू आलं नाही. लोकांनी गाडी पार वडाळीच्या पलीकडच्या शिवेवर नेली. एक म्हातारबुवा म्हणाले, "आता गाडा इथं सोड. तू सरळ घरी जा. मागं वळून बघायचं नाही."

"मग ताप जाईल?"

"समूळ जाईल."

हैबतीला एवढंच हवं होतं. तो निघाला.

चार पुरणपोळ्यांनी कोंडाबाईला डुलकी लागली होती. ती जागी झाली तेव्हा गाडीवर हैबती नव्हता. तिने बैल वळवले आणि त्याच्या मागे निघाली.

"हैबत्या, थांब. अरे हैबत्या."

हैबतीने हाक ऐकली. आईच्या आवाजात चांगलाच जोर आला होता. त्याला बरं वाटलं. पण मागे वळून बघायचं नव्हतं, म्हणून तो आणखी भरभर चालला.

परतीच्या वाटेवर तीच गावं होती. गाडा उलटा आलेला बघून लोक घाबरले. त्यांनी घाईघाईने आणखी एकेक लुगडं दिलं आणि बैलांना हाकललं.

दिवस मावळायच्या आत हैबती घरी पोचला. दार लावून जरासा टेकतोय, तोच कडी वाजली.

"कोण?"

"तुझी आई."

हैबतीने दार उघडलं. समोर नऊ लुगडी एकावर एक नेसलेली बाई उभी होती. कोपरापर्यंत हिरवा चुडा. तोंडभर हळदकुंकू. मागे गाडी.

"बाजूला हो, मेल्या. ताप गेला माझा. कंबर मोडली नुसती."

अशा वेळी काय करायचं, हे हैबतीला आता कोणी सांगायला नको होतं. दिवसभर चार गावांनी त्याच्यासमोर तेच केलं होतं. त्याने दोरीवरचं आईचं निळं लुगडं काढलं आणि तिच्या खांद्यावर घातलं. नारळ आणि तांदूळ घेऊन तिची ओटी भरली. मग हात जोडले.

"बाई, आमच्या घरात नको. माझी आई आत्ताच तापातून उठलीय, तिला आणखी सोसायचं नाही. पुढं जा."

त्याने तिला उचलून गाडीत बसवलं. बैलांची तोंडं पुढच्या गावाकडे केली आणि दोघांच्या पाठीवर एकेक थाप मारली.

मग त्याने दाराला आतून कडी घातली आणि आई कधी येते त्याची वाट बघत बसला.