पडद्यावरची बाई आणि फुटलेले तळे

पुष्कळ जुनी गोष्ट आहे. इतकी जुनी, की ते गाव कोणत्या राजाच्या मुलखात होते हेही आता कुणाला सांगता येत नाही. लहानांनी ऐकावी. मोठ्यांनी जरा जास्त लक्ष देऊन ऐकावी.

त्या गावचा पाटील कडक होता. न्याय करायला त्याला वेळ लागत नसे. "माणूस चावडीची पायरी चढला की मला सगळं कळतं," असे तो सांगे. गाव मान डोलवी.

एका हिवाळ्यात गावचे तळे फुटले. बांधाला भगदाड पडले आणि निम्मे पाणी ओढ्याला वाहून गेले. उभी पिके सुकणार हे सगळ्यांना दिसत होते. गाव खवळले.

तळे फुटले त्या संध्याकाळी तिघांनी एका धनगराला बांधावर पाहिले होते. तो परमुलखातून नुकताच वस्तीला आला होता. मेंढरांना पाणी पाजण्यावरून त्याचे गावाशी एकदा वाजलेही होते. धनगर म्हणाला, "मी भोक बुजवत होतो." लोक हसले. पाटीलही हसला.

तिसऱ्या दिवशी सकाळी चावडी भरणार होती, पण निकाल पाटलाच्या मनात तयार होता. धनगराने बिऱ्हाड घेऊन गाव सोडायचे.

"त्याची बायको ओली बाळंतीण आहे," पाटलीणबाई म्हणाल्या. "या थंडीत तान्हं पोर घेऊन ती जाणार कुठं?"

"तो विचार त्यानं बांध फोडायच्या आधी करायचा."

चावडीच्या आदल्या संध्याकाळी गावात चामड्याच्या बाहुल्यांचा खेळ होता. पडद्यामागे दिवा लावायचा, बाहुल्या नाचवायच्या, आणि पुढे बसलेल्या लोकांनी सावल्या पाहायच्या. बाहुल्यावाला गाऊन गोष्ट सांगे आणि त्याची बायको बाहुल्या हलवी. पण त्या दिवशी बाहुल्यावाल्याचा घसा पार बसला होता. बायको हात जोडून म्हणाली, "पाटील, आजचा खेळ राहू द्या. गाण्याशिवाय काही कळायचं नाही."

"न कळायला आम्ही काय आंधळे आहोत?" पाटील म्हणाला. "लाव पडदा."

दिवेलागणीला खेळ सुरू झाला. पडद्यावर एक बाई आली. तिच्या कडेवर पोर होते. ती रानात शिरली. झाडे हलली, एक वाघ गेला, एक म्हातारा काठी टेकत गेला. मग ती बाई रानातून बाहेर आली, तेव्हा तिची कड रिकामी होती. तिने दोन्ही हात वर केले, मान इकडे हलवली, तिकडे हलवली. मग वाजंत्री आली, कुणाचे तरी लग्न लागले आणि खेळ संपला.

लोक उठले ते भांडतच.

"बाईनं पोर वाघाला टाकलं," पाटील म्हणाला. "वर हात झटकून मोकळी झाली. नंतर लग्न लावलं ते तिचंच. सगळं स्वच्छ आहे."

"काहीतरीच!" पाटलीणबाई म्हणाल्या. "घरात खायला नव्हतं म्हणून तिनं पोर त्या म्हाताऱ्याच्या ओटीत घातलं. हात वर करून देवाला सांगत होती, सांभाळ म्हणून. तुम्हाला मेलं पडद्यावरसुद्धा गुन्हेगारच दिसतो."

गावचा तेली पुढे सरसावला. "पाटलीणबाई, तुमचंही चुकतंय. ती बाई नव्हेच. ती वनदेवी. पोर म्हणजे माया. माया गेली, देवी नाचली."

"तेलीबुवा, तुमच्या घाण्याचा बैलसुद्धा याहून सरळ चालतो," कुणीतरी मागून म्हणाले, आणि हशा पिकला.

पाटील हसला नाही. घरची बाई चारचौघांत खोटे पाडते, हे त्याच्या जिव्हारी लागले. त्याने ठरवले, सकाळी बाहुल्यावाल्यालाच विचारायचे आणि सगळ्यांची तोंडे बंद करायची.

सकाळी तो देवळाच्या ओसरीवर गेला. बाहुल्यावाला गरम पाणी पीत होता. त्याची बायको बाहुल्या टोपलीत रचत होती.

"त्या बाईनं पोर वाघाला टाकलं ना?" पाटलाने विचारले.

बायको चपापली. "वाघाला? नाही हो दादा. ती पोराला त्याच्या मामाच्या घरी घेऊन चालली होती. मामाच्या लग्नाला."

"मग रानातून बाहेर आली तेव्हा पोर कुठं होतं?"

ती खाली बघू लागली. मग टोपलीतून पोराची बाहुली काढून तिने पुढे धरली. बाहुलीची काडी मधोमध मोडली होती.

"ऐन रानात काडी मोडली, दादा. पोर खाली पडलं. अंधारात सापडेना."

"आणि तिनं हात वर केले ते?"

"ते माझे हात हो! मी यांना खुणेनं विचारत होते, पोर कुठं पडलं, पोर कुठं पडलं? माझ्या हाताबरोबर बाहुलीचे हात हलले. हे गात असते तर गाण्यात सावरून घेतलं असतं."

बाहुल्यावाल्याने घशाला हात लावून मान हलवली.

पाटील ओसरीच्या कडेला बसून राहिला. त्याने काय पाहिले होते? रानात शिरताना कडेवर पोर होते, बाहेर येताना नव्हते. एवढेच. वाघाने खाल्ले, हात झटकले, स्वतःचे लग्न लावले, हे पडद्यावर कुठेच नव्हते. ते त्याने घातले होते. आणि घालताना त्याला तिळभरही शंका आली नव्हती. पाटलीणबाईंनीही घातले होते, तेल्यानेही. काडी मोडली असेल हे मात्र कुणाच्याच मनात आले नाही.

चावडी भरल्याची हाळी आली. पाटील उठला. त्याची चाल नेहमीसारखी नव्हती.

चावडीत तेली पहिला साक्षीदार होता. "मी पाहिलं, यानं बांध फोडला."

"फोडताना पाहिलंस?" पाटलाने विचारले. "फावड्यानं माती काढत होता की टाकत होता?"

तेली अडखळला. "पाठ होती त्याची माझ्याकडं. पण फावडं हातात म्हणजे..."

"म्हणजे काय ते मी तुला विचारलेलं नाही. डोळ्यांना काय दिसलं?"

"पाठ आणि फावडं."

"बस खाली."

दुसरा गवळी. तो म्हणाला, "हा गुन्हा करून पळत सुटला, पाटील."

"कुठल्या बाजूला?"

"गावाच्या."

"गुन्हा करून माणूस गावाकडं पळतो? रानाकडं का नाही?"

गवळ्याने डोके खाजवले. "ते खरं. ओरडतही होता. पण वारं उलटं, काय ते कळलं नाही."

लोक एकमेकांकडे पाहू लागले. तिसरी साक्षीदार एक म्हातारी मोळीवाली होती. तिने पदर सावरला. "मी वाटेवर होते. हा माझ्याजवळून गेला. भिजलेला होता. अंगावर घोंगडी नव्हती."

"हे आधी का नाही बोललीस, आजी?"

"बांध फोडण्याशी घोंगडीचा काय संबंध, बाबा? म्हणून सोडून दिलं."

पाटील धनगराकडे वळला. "एवढ्या थंडीत धनगर घोंगडीशिवाय? कुठं आहे ती?"

"भोकात कोंबली," धनगर म्हणाला. "आत दगड बांधून. खेकड्यांनी बांध पोखरला होता. फावड्याची माती टिकेना म्हणून घोंगडी घातली. तीही टिकली नाही. मग माणसं बोलवायला पळालो."

"परवा बोलला का नाहीस?"

"बोलू कुठं दिलंत? भोक म्हणालो आणि तुम्ही हसलात."

लगेच चावडी उठली. पाटील स्वतः ओढ्यात उतरला. गाव मागून गेले. भगदाडाच्या खाली, करंजाच्या मुळांत, चिखलाने माखलेली घोंगडी अडकली होती. चारी टोकांना गाठ मारलेली, पोटात दगड. वर उरलेल्या बांधात खेकड्यांची बिळे कुणीही मोजावीत इतकी उघडी होती.

त्या दिवशी सगळ्या गावाने बिळे बुजवली, म्हणून उरलेले पाणी तरी राहिले. धनगराला काढून दिले असते, तर पुढच्या महिन्यात तेही गेले असते.

पाटलाने घरातली नवी घोंगडी आणून धनगराच्या दारात ठेवली. धनगराने ती घेतली. "घेतो," तो म्हणाला. "पण पुढच्या वेळी हसायच्या आधी विचारा."

एवढे ऐकून घेण्याची पाटलाला सवय नव्हती. तरी त्याने ऐकून घेतले.

मुलांनो आणि मोठ्यांनो, जेवढे डोळ्यांना दिसले तेवढेच पाहिले म्हणावे. बाकीचे आपण जोडलेले असते.